आधी डोंगर, मग चर्च

ब्राझीलमधल्या ओरो प्रेतो या गावात सपाट जमीन जवळजवळ नाहीच. मुख्य तिरादेंतेस चौकसुद्धा एका अंगाला कलतो, आणि त्यातून फुटणारा प्रत्येक रस्ता एकतर पोटऱ्या भरून आणणारा चढ असतो, नाहीतर गुडघे बोलायला लावणारा उतार. ओबडधोबड दगडांची फरसबंदी पावसात इतकी निसरडी होते की म्हाताऱ्या बायका भिंतीला हात लावत चालतात. दोन्ही बाजूंना चुना लावलेली घरं, लाल कौलं, निळ्या-पिवळ्या-हिरव्या चौकटी, आणि जिथे जिथे डोंगराची सोंड थोडी पुढे आली आहे तिथे तिथे एक चर्च. या सगळ्याच्या मागे इताकोलोमीचा सुळका, १,७७२ मीटर उंच, मोठ्या दगडाला टेकून उभा असलेला धाकटा दगड. सतराव्या शतकाच्या शेवटी साओ पावलोकडून सोनं शोधत आलेल्या टोळ्यांनी हीच खूण धरून वाट काढली होती.

ब्राझीलचं मिनास जेराइस हे राज्य क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट आहे. समुद्र कुठेही लागत नाही, डोंगर संपत नाहीत. ब्राझील म्हटलं की रिओचा किनारा आणि ॲमेझॉनचं जंगल एवढंच आपल्याकडे पोचतं. ओरो प्रेतो, मारियाना, कोंगोन्यास, साओ जुआओ देल रे, दियामंतिना ही पोर्तुगीजांनी डोंगरात वसवलेली गावं बहुतेकांना ऐकूनही माहीत नसतात. मी मूळची सावंतवाडीकडची. कामासाठी बेलो होरिझोन्तेत राहत होते तेव्हा सुट्टी मिळाली की बस पकडून या गावांकडे जायचे. ओरो प्रेतोचं अंतर शंभरेक किलोमीटर, वेळ दोन तास, घाट मात्र आंबोलीसारखा. तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला मला एकच गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते: चर्च बघण्याआधी डोंगर बघा. सोन्याने मढवलेल्या वेदीपासून सुरुवात केली तर गाव सुंदर दिसतं आणि तिथेच विषय संपतो. डोंगरापासून सुरुवात केली तर तीच वेदी वेगळी दिसते.

सोनं सापडलं ते १६९० च्या दशकात. ओढ्याच्या गाळात काळपट कण मिळाले, वरचं काळं पुट निघालं की आत अस्सल सोनं. बातमी पसरली आणि इथल्या दऱ्याखोऱ्यांत माणसांचा लोंढा आला. १७११ मध्ये विला रिका या नावाने शहर स्थापन झालं. ओरो प्रेतो हे नाव १८२३ चं. पोर्तुगालच्या राजाचा नियम साधा होता: निघालेल्या सोन्याचा पाचवा हिस्सा माझा. पण सोन्याची पूड कोण कुठे दडवतो ते कळणार कसं? म्हणून सरकारी ओतशाळा काढायचं ठरलं. सगळी पूड तिथे आणायची, वितळवायची, पाचवा हिस्सा कापून घ्यायचा, उरलेल्याच्या शिक्का मारलेल्या कांड्या परत द्यायच्या. शिक्क्याविना सोनं जवळ बाळगणं हा गुन्हा.

या ओतशाळांविरुद्ध १७२० च्या जून-जुलैमध्ये विला रिकात उठाव झाला. (त्याच वर्षी एप्रिलमध्ये कऱ्हाडजवळ मसूरला बाजीरावाला पेशवाईची वस्त्रं मिळाली होती, मला इतिहास असा शेजारीशेजारी ठेवून वाचायची सवय आहे.) गव्हर्नर होता पेद्रो मिगेल दे आल्मेइदा, आसुमारचा काउंट. त्याने आधी सगळ्या मागण्या मान्य केल्या, वेळ काढला आणि मग फौज घेऊन विला रिकात शिरला. उठावातला एक पुढारी पास्कुआल दा सिल्वा गिमारांइश हा बडा खाणमालक. डोंगरावर त्याची वस्ती होती. काउंटने ती वस्ती पेटवून दिली. दुसरा पुढारी फेलिपे दोस सांतोस याला धड खटला न चालवता फासावर चढवलं आणि त्याच्या देहाचे तुकडे केले.

तो डोंगर आजही त्या आगीच्याच नावाने ओळखला जातो. मोरो दा केइमादा, जळका डोंगर. चौकातून निघून चढत गेलं की घरं विरळ होतात आणि गवतातून दगडी भिंती डोकं वर काढायला लागतात. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. कुठे दाराची चौकट उभी, कुठे जमिनीत खोल गेलेला हवेचा झरोका. पाय जपून टाकावे लागतात. काही ठिकाणी टाक्यांसारखी मोठी दगडी बांधकामं दिसतात. ती घरं नव्हेत. डोंगरावर पाण्याचे पाट काढून ते सोडायचे, मातीचा लोंढा खाली आणायचा आणि या टाक्यांत अडवून त्यातलं जड सोनं तळाशी बसू द्यायचं, अशी ती रीत. म्हणजे अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वीच हा डोंगर पाण्याने सोलून काढलेला आहे. खाली बघितलं की पोस्टकार्डावरचं ओरो प्रेतो अख्खं दिसतं, चर्चचे मनोरे, कौलं, सगळं. तिथे मला पर्यटक फारसे भेटले नाहीत. शेजारच्या वस्तीतली पोरं मात्र त्या भिंतींवर बसून पतंग उडवत होती.

आता ज्या कारणाने मला हा डोंगर आपला वाटला ते सांगते. आसुमारचा हा काउंट पुढे १७४४ मध्ये व्हाइसरॉय होऊन गोव्याला आला. १७४६ मध्ये त्याने सावंतवाडीच्या भोसल्यांकडून हळर्णचा किल्ला घेतला, तेरेखोलही घेतलं. या पराक्रमाबद्दल पोर्तुगालच्या राजाने त्याला किताब दिला, मार्केस द आलोर्ना, म्हणजे हळर्णचा मार्क्विस. पेडणे तालुक्यातलं शापोरा नदीकाठचं ते गाव आणि त्याचं नाव लिस्बनच्या दरबारातल्या एका मोठ्या घराण्याला कायमचं चिकटलं. पुढे त्याची नात आलोर्नाची मार्केझा म्हणून पोर्तुगीज साहित्यात कवयित्री म्हणून गाजली. हळर्णच्या किल्ल्यावर मी लहानपणापासून जात आले. जांभ्याचा तट, झाडीतून दिसणारी नदी, आणि मोठ्या माणसांच्या तोंडी ‘फिरंग्याने घेतला’ एवढंच वाक्य. तो फिरंगी आधी कुठे होता आणि तिथे त्याने काय केलं होतं हे मला मोरो दा केइमादावरच्या माहितीफलकासमोर उभी राहून कळलं. फलकावरचं नाव मी पुन्हा पुन्हा वाचलं. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या अंतराने एकाच माणसाने एका डोंगरावरची वस्ती जाळली आणि आमच्या नदीकाठचा किल्ला जिंकला. मिनासचा इतिहास परका म्हणून वाचायची सोय त्या क्षणापासून मला राहिली नाही.

या काउंटशी आणखी एक गोष्ट जोडलेली आहे, ब्राझीलमध्ये ती शेंबडं पोरही सांगेल. १७१७ मध्ये तो पहिल्यांदा मिनासकडे निघाला तेव्हा वाटेत ग्वारातिंगेता गावाने त्याच्या जेवणावळीसाठी कोळ्यांना मासे पकडायला पिटाळलं. जाळ्यात मासे येईनात. आली ती मातीची एक मूर्ती, आधी धड, मग शिर, आणि त्यानंतर जाळी माशांनी भरली. ती काळी अपारेसिदा माउली आज अख्ख्या ब्राझीलची रक्षक मानली जाते. काउंटला कोणी आठवत नाही, माउलीला कोट्यवधी लोक नवस बोलतात. मला हे फार बरं वाटतं.

डोंगर वरून बघितला की आतून बघायचा. ओरो प्रेतोच्या पोटात किती बोगदे आहेत याचा पुरता हिशोब लागलेला नाही. कित्येक घरांच्या परसात एखादं तोंड उघडतं. त्यातले काही आता लोकांना दाखवतात, आणि दाखवणारे बऱ्याचदा तिथल्याच वस्तीतले, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले गेले त्यांच्या घरचे असतात. अशाच एका बोगद्यात मी गेले. डोक्यावर हेल्मेट, पाठ अर्धी वाकलेली, भिंतीला लावलेला हात ओला. वाटाड्याने बॅटरी भिंतीवर तिरकी धरली आणि छिन्नीचे घाव दिसायला लागले, एकाखाली एक, सगळे एका कोनात. प्रत्येक घावामागे एक हात. मध्ये मध्ये भिंतीत लहान कोनाडे. तिथे एरंडेलाचे वगैरे दिवे ठेवत असत. कोनाड्याच्या वर काजळीचा डाग अजून आहे.

त्या वाटाड्याने सांगितलेली आणि इतिहासकारांनीही मांडलेली एक गोष्ट सगळ्यांनी ऐकावी अशी आहे. पश्चिम आफ्रिकेच्या सोन्याच्या किनाऱ्यावरून आणलेल्या लोकांना खाणमालक जास्त किंमत मोजायचे. कारण त्या लोकांना सोनं काढण्याची विद्या येत होती. कुठल्या मातीत सोनं असेल, ते कसं धुवायचं, हे ते आपल्या देशातून शिकून आले होते. पोर्तुगीज सोनारांना दागिने घडवता येत असतील, खाणीतलं ज्ञान आफ्रिकेचं होतं. म्हणजे फक्त मनगटं पळवून आणली नाहीत, डोकीही आणली. शाळेच्या पुस्तकांत गुलामांच्या घामाचा उल्लेख असतो, त्यांच्या हुशारीचा क्वचित. इथे बोगद्यात वाकून उभं असताना ती हुशारी भिंतीवर हाताला लागते.

आता चर्चमध्ये जायला हरकत नाही. पिलारच्या चर्चमध्ये शिरलं की डोळे दिपतात. लाकडावर कोरलेले देवदूत, वेली, पानं, सगळ्यांवर सोन्याचा वर्ख, एक बोटभर जागा मोकळी नाही. साओ फ्रान्सिस्कोचं चर्च मात्र मोकळा श्वास घेतं. १७६६ मध्ये त्याचं काम सुरू झालं. छतावर मानोएल दा कोस्ता आताइदे याने स्वर्ग रंगवला आहे: मधोमध माता मेरी, भोवती वाद्यं वाजवणारे देवदूत. मान दुखेपर्यंत वर बघत राहिलं की ध्यानात येतं, या मेरीचे ओठ जाड आहेत, नाक बसकं, रंग सावळा. देवदूतही तसेच, गल्लीत खेळणाऱ्या मिश्र वंशाच्या पोरांसारखे. युरोपातून छापील चित्रं येत होती, ती बघून तसंच काढायचा रिवाज होता. आताइदेने आपल्या आसपासचे चेहरे स्वर्गात नेऊन बसवले.

कोण कुठल्या चर्चमध्ये जाणार हे मात्र जमिनीवर ठरलेलं होतं. गोऱ्यांचे संघ वेगळे, मिश्र रंगाच्यांचे वेगळे, काळ्यांचे वेगळे, आणि प्रत्येक संघाने आपापलं चर्च बांधलं. गोव्यातल्या चर्चच्या जुन्या कोंफ्रारियांमध्ये, म्हणजे भक्तसंघांमध्ये, जातीच्या भिंती होत्या हे ज्यांना माहीत आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. काळ्यांच्या संघाचं रोझारिओचं चर्च गोलसर आहे, अख्ख्या गावात तसं दुसरं नाही. आणि उंच टेकडीवरचं सांता एफिजेनियाचं चर्च एका इथिओपियन संतिणीचं. लोककथा अशी की आफ्रिकेतला एक राजा, शिको रे, गुलाम होऊन इथे आला, खाणीत राबून त्याने आधी मुलाचं आणि स्वतःचं, मग आपल्या माणसांचं स्वातंत्र्य विकत घेतलं. बायका खाणीतून येताना केसांत सोन्याची पूड लपवून आणायच्या आणि या चर्चच्या पाण्याच्या कुंडात केस धुवायच्या. त्या सोन्यावर चर्च उभं राहिलं. कागदोपत्री शिको रे सापडत नाही. पण जानेवारीत काँगादोचे, म्हणजे काळ्यांच्या संघांच्या उत्सवाचे, ढोल वाजवत, मुकुट घातलेल्या राजाराणीला घेऊन माणसं ही टेकडी चढतात, तेव्हा कागदांची आठवण कोणाला येत नाही. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती १३ मे १८८८ रोजी, म्हणजे सगळ्या अमेरिका खंडात सर्वांत शेवटी.

साओ फ्रान्सिस्कोच्या दारावरचं कोरीवकाम ज्याचं, तो आंतोनिओ फ्रान्सिस्को लिस्बोआ. त्याला जग अलेजादिन्यो म्हणतं. बाप पोर्तुगीज स्थपती, आई त्याच बापाची आफ्रिकन गुलाम. चाळिशीच्या सुमारास त्याला असा रोग जडला की हातापायांची बोटं झडत गेली. पुढे पुढे छिन्नी-हातोडी हाताला बांधून तो काम करायचा असं सांगतात. बांधून देणारे, त्याला उचलून नेणारे, त्याच्याबरोबर दगड फोडणारे मौरिसिओ, आगोस्तिन्यो आणि जानुआरिओ हे त्याचेच गुलाम होते. गुलाम आईच्या पोटी जन्मलेल्या कलावंताकडे गुलाम असावेत हे पचायला जड जातं, पण त्या समाजाची घडीच तशी होती आणि हे झाकून अलेजादिन्योची थोरवी सांगणं मला पटत नाही. मौरिसिओचं नाव त्याच्या शेजारी घेतलंच पाहिजे.

अलेजादिन्योचं शेवटचं मोठं काम बघायला कोंगोन्यासला जावं लागतं. टेकडीवर बों जेझुस चर्च, समोर दुहेरी वळणाचा जिना, आणि कठड्यांवर बायबलच्या जुन्या करारातले बारा संदेष्टे, १८०० ते १८०५ या काळात घडवलेले. दगड शंखजिऱ्याच्या जातीचा, हिरवट करडा. खाणीतून काढलेला असताना इतका मऊ की नखाने ओरखडा उठतो. उघड्यावर राहून तो टणक होतो. याच दगडाची भांडी इथे घरोघरी असतात, तांब्याची पट्टी आणि कड्या लावलेली, तेल लावून वापरात आणलेली. त्यात शिजवलेला घेवडा उतरवल्यावरही कितीतरी वेळ रटरटत राहतो.

खालून जिना चढू लागलं की संदेष्टे एकेक करून वळतात. म्हणजे वळत नाहीत अर्थातच, पण जागा अशा निवडल्या आहेत की एक पायरी चढली की कोणाचा हात वर गेलेला दिसतो, दुसऱ्या पायरीवर दुसऱ्याची मान आपल्याकडे फिरते. दानिएलच्या पायाशी सिंह आहे. शिल्पकाराने सिंह कधी पाहिला नसणार. त्याची आयाळ कुरळ्या केसांसारखी आणि चेहरा जवळजवळ माणसाचा. योनाजवळ मासा, पाण्याचे फवारे सोडणारा. प्रत्येकाच्या हातात लॅटिन वचन कोरलेला कागदाचा गुंडा. जवळ जाऊन बघितलं की काही हात बेढब मोठे, काहींचे पाय आखूड. पण खालून, यात्रेकरू जिथून येतो तिथून, सगळं प्रमाणात बसतं. बोटं नसलेल्या माणसाने बोटांचे हे आविर्भाव कोरले. ओबद्याची वर उचललेली तर्जनी बघताना माझे डोळे भरून आले.

खालच्या उतारावरच्या देवळ्यांमध्ये ख्रिस्ताच्या अखेरच्या दिवसांचे प्रसंग आहेत, देवदाराच्या लाकडातल्या साठहून जास्त माणसाएवढ्या मूर्ती. तिकडे लोक घाईने बघून पुढे जातात. घाई करू नका. अलेजादिन्योच्या हातची माणसं कुठली आणि मदतनिसांच्या हातची कुठली हे बघता बघता आपलं आपल्यालाच ओळखू येऊ लागतं.

ओरो प्रेतोच्या चौकाला ज्याचं नाव आहे तो तिरादेंतेस मूळचा जोआकिम जोझे दा सिल्वा शाविएर, लष्करात कनिष्ठ अधिकारी आणि दात काढण्यात तरबेज. सोनं आटत चाललं तरी राजाचा हिस्सा कमी होईना, थकबाकी सक्तीने वसूल होणार अशी हाकाटी उठली, तेव्हा १७८९ मध्ये काही कवी, पाद्री आणि अधिकारी यांनी स्वतंत्र होण्याचा कट रचला. फितुरी झाली. बाकीच्या बऱ्याच जणांना आफ्रिकेत हद्दपार केलं, फाशी एकट्या तिरादेंतेसला, २१ एप्रिल १७९२ रोजी रिओमध्ये. त्याचं शिर आणून या चौकात खांबावर टांगलं. या कटाच्या दोनच वर्षं आधी, १७८७ मध्ये, गोव्यात कांदोळीच्या पिंटोंचं बंड उघडकीला आलं होतं आणि तिथेही पाद्री आणि लष्करी माणसं होती, तिथेही फाशी आणि विटंबना. राणी तीच, दोना मारिया. एकाच सिंहासनाखालच्या दोन डोंगरी-किनारी मुलखांत एकाच दशकात माणसांच्या मनात तेच आलं. ब्राझीलमध्ये २१ एप्रिलला राष्ट्रीय सुट्टी असते. पिंटोंच्या बंडाची तारीख आपल्याकडे किती जणांना सांगता येईल?

त्याच्याच नावाचं तिरादेंतेस गाव फार देखणं आहे, मागे साओ जोझेची डोंगररांग, प्रत्येक घराचं काहीतरी दुकान किंवा खानावळ झालेली. मला तिथे करमलं नाही. तिथून वाफेच्या गाडीने साओ जुआओ देल रेला जावं हे उत्तम. १८८१ ची ही लाइन, रूळ अवघे ७६ सेंटिमीटर रुंद, अंतर बारा किलोमीटर. आणि साओ जुआओत उतरल्यावर नुसतं ऐकायचं. या गावात घंटा बोलतात. कोणी गेलं तर बाई की पुरुष, मिरवणूक निघाली की नाही, आज कुठल्या संताचा दिवस, हे सगळं घंटेच्या ठोक्यांवरून आणि झुलवण्याच्या ढंगावरून गावाला कळतं. वाजवणारी पोरं वयात यायच्या आत मनोऱ्यावर चढून शिकतात. मिनासमधल्या या घंटावादनाला २००९ मध्ये ब्राझीलने राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदवून घेतलं. ऐकताना मला नाशिकची नारोशंकराची घंटा आठवत होती. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या चर्चच्या घंटा देवळादेवळांत गेल्या. नारोशंकराच्या घंटेवर १७२१ साल कोरलेलं आहे. मोरो दा केइमादा पेटवल्याच्या पुढच्याच वर्षाचं.

खाण्याचं थोडक्यात. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. आपला उपवासाचा साबुदाणा ज्या कंदाचा, त्याच कंदाच्या पिठात चीज घालून भाजलेले पाँव दे केइजोचे गोळे सकाळी गरम मिळतात. पेरूची घट्ट वडी ताज्या चीजच्या तुकड्याबरोबर खातात. गोव्याच्या पेरादची चव ज्याला माहीत आहे त्याला ही बहीण लगेच ओळखू येईल.

कारासाला मात्र एक रात्र राहायलाच हवं. डोंगरांच्या कवेतला हा जुना मठ, पुढे नामांकित शाळा झाला, १९६८ मध्ये आगीत शाळा जळाली. आता तिथे पाहुण्यांची सोय आहे आणि भोवती राखीव जंगल. १९८० च्या दशकापासून तिथले पाद्री रात्री चर्चच्या ओट्यावर मांसाचं ताट ठेवतात आणि जंगलातून आयाळी लांडगा येतो. तांबूस अंग, काळे लांबच लांब पाय, मोठे कान. येईलच असं नाही, कधी मध्यरात्र उलटते. आला तेव्हा ओट्यावर बसलेली सगळी माणसं, त्यात एक चार-पाच वर्षांची मुलगीही, श्वास रोखून होती. सोनं शोधणाऱ्यांच्याही आधीपासूनचा तो रहिवासी.

ही गावं जशीच्या तशी टिकली त्याचं कारण गरिबी. सोनं संपलं, १८९७ मध्ये राज्याची राजधानी इथून नव्याने आखलेल्या बेलो होरिझोन्तेला गेली, आणि ओरो प्रेतोत जुनं पाडून नवं बांधायला कोणाकडे पैसा राहिला नाही. १९२४ मध्ये साओ पावलोचे आधुनिक लेखक-चित्रकार पवित्र आठवड्यात इथे आले आणि हा आपला वारसा आहे असं देशाला सांगू लागले. १९३३ मध्ये गावाला राष्ट्रीय स्मारक ठरवलं, १९८० मध्ये युनेस्कोच्या यादीत ब्राझीलचं पहिलं नाव ओरो प्रेतोचं लागलं.

डोंगर खोदणं मात्र थांबलेलं नाही. आता लोखंड निघतं. बेलो होरिझोन्तेहून येताना बसच्या खिडकीतून पायऱ्यापायऱ्यांनी कापलेले लाल डोंगर दिसतात. धातू काढून उरलेला पाणथळ गाळ बंधाऱ्यांमागे साठवतात, आणि जागा कमी पडली की २०१९ मध्ये बंदी येईपर्यंतची स्वस्तातली पद्धत म्हणजे साठलेल्या गाळावरच बंधाऱ्याची पुढची पायरी चढवायची. ५ नोव्हेंबर २०१५ रोजी मारियानाजवळ असा एक बंधारा फुटला. बेंतो रोद्रिगेस हे सोन्याच्या काळापासूनचं गाव गाळाखाली गेलं, १९ माणसं गेली, आणि दोसे नदी अटलांटिकपर्यंत तांबडी वाहिली. २५ जानेवारी २०१९ रोजी ब्रुमादिन्योत दुसरा फुटला. २७० माणसं. कोंगोन्यासच्या संदेष्ट्यांच्या वरच्या अंगालाही गाळाचा एक मोठा बंधारा आहे, आणि खालची माणसं पावसाळ्यात झोपताना त्याच्याकडे बघून झोपतात. १३ जानेवारी २०२२ ला तर ओरो प्रेतोतच दरड कोसळून एकोणिसाव्या शतकातला एक वाडा काही क्षणांत भुईसपाट झाला. माणसं आधी हलवली होती म्हणून वाचली.

मला हे परकं वाटावं कसं? डिचोली, सांगे, शिरगाव इथे पोर्तुगीज काळातल्या परवान्यांवर डोंगर फुटले, विहिरी आटल्या, २०१२ मध्ये खाणी थांबवाव्या लागल्या. आमच्या दोडामार्ग तालुक्यात कळण्याच्या खाणीचा बांध जुलै २०२१ मध्ये फुटला आणि लाल चिखल लोकांच्या बागायतींत, घरांत शिरला. बेंतो रोद्रिगेसच्या उरलेल्या भिंतींवर छातीच्या उंचीला गाळाची रेघ आहे. तशी रेघ मी गावी बघितली आहे. म्हणून कोणी मिनासला जाऊन फक्त सोनेरी वेद्यांचे फोटो घेऊन आलं की मला वाईट वाटतं. ती वेदी आणि हा गाळ एकाच डोंगरातून निघाले आहेत आणि दोन्ही बघायची हिंमत आपल्याकडच्या माणसाला तरी असायला हवी, कारण आपलंही त्या डोंगरासारखंच काहीतरी पणाला लागलेलं आहे.

जाणार असाल तर मे ते ऑगस्ट बरा काळ. पाऊस नसतो, जून-जुलैत रात्री चांगलीच थंडी पडते, गरम कपडे न्या. बुटांचे तळवे खरखरीत हवेत. ओरो प्रेतोत किमान तीन मुक्काम ठेवा, मारियाना तिथूनच होतं, कोंगोन्याससाठी स्वतंत्र दिवस द्या. बोगदा बघताना वस्तीतलाच वाटाड्या घ्या आणि त्याला घाई करू नका. सोमवारी बहुतेक चर्च आणि संग्रहालयं बंद असतात, त्यामुळे लोक सोमवार टाळून बेत आखतात. तुम्ही सोमवारीच पोचा आणि तो अख्खा दिवस मोरो दा केइमादासाठी ठेवा.